झिको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलच्या गप्पांत ब्राझीलच्या झिकोचं नाव निघालं की बहुतेक वेळा दोनच गोष्टी पुढे येतात: १९८६ च्या विश्वचषकात हुकलेली पेनल्टी आणि 'विश्वचषक न जिंकलेला महान खेळाडू' हे बिरुद. इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) एफसी गोवाचा प्रशिक्षक म्हणून ज्यांनी त्याला फातोर्ड्याच्या मैदानाच्या कडेला उभं असलेलं पाहिलं, त्यांतल्या तरुण मंडळींना तो स्वतः कसा खेळायचा हे पाहायला मिळालेलंच नाही. मुख्यतः त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. माझं मत आधीच सांगून टाकतो. झिकोची कारकीर्द विश्वचषकाच्या फूटपट्टीनं मोजणं चूक आहे. त्याचं मोठेपण रिओच्या फ्लामेंगो क्लबात आहे, आणि जिथे व्यावसायिक फुटबॉल अजून रुजायचा होता अशा ठिकाणी जाऊन त्यानं जे काम केलं त्यात आहे.

झिको हे त्याचं खरं नाव आहे का?

नाही. खरं नाव आर्तुर आंतुनेस कोइंब्रा. जन्म ३ मार्च १९५३ रोजी रिओ दी जानेरोच्या क्विंतिनो या उपनगरात झाला. समुद्रकिनारा आणि बड्या हॉटेलांचं जे रिओ आपण चित्रांत पाहतो, त्यापासून हा भाग बराच आत आहे. लोकलगाडीचा, कष्टकऱ्यांचा. वडील पोर्तुगालहून आलेले, शिंपीकाम करणारे. सहा भावंडांत आर्तुर सगळ्यांत धाकटा. घरात लाडानं हाक मारता मारता आर्तुरचा आर्तुरझिको झाला, त्याचा तुझिको आणि शेवटी झिको. पुढे रिओच्या फुटबॉलविश्वात त्याला 'क्विंतिनोचा छोटा कोंबडा' म्हणू लागले आणि तेही नाव चिकटलं.

घरात फुटबॉलचं वातावरण होतं का?

पुरेपूर. आंतुनेस, नांदो आणि एदू हे थोरले भाऊही खेळाडू होते. त्यांतला एदू तर रिओच्या अमेरिका क्लबचा नावाजलेला खेळाडू. ब्राझीलकडून तो खेळला आणि १९८४ मध्ये थोडा काळ राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही होता. एदू हा झिकोपेक्षा सरस होता, असं त्या काळचे जाणकार अगदी गंभीरपणे सांगत.

नांदोची कहाणी वेगळी आहे. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती. नांदो साक्षरता मोहिमेत शिकवायला जायचा, तेवढ्यावरून तो राजवटीच्या डोळ्यांवर आला आणि त्याला छळ सोसावा लागला. पुढे लोकशाही सरकारनं त्याला राजकीय छळाचा बळी म्हणून मान्यता दिली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी पात्रता फेरीत झिकोनं अर्जेंटिनाविरुद्ध गोल केला होता, तरीही ऐन वेळी त्याला संघातून वगळलं. त्यामागे हेच कारण असावं, असं घरच्यांना वाटत आलं. या वगळण्यानं एकोणीस वर्षांचा झिको इतका खचला की तो खेळ सोडून द्यायला निघाला होता. भावांनी समजूत काढली म्हणून तो टिकला.

लहानपणी तो फार किरकोळ अंगाचा होता, हे खरं?

खरं. १९६७ मध्ये, चौदाव्या वर्षी, सेल्सो गार्सिया नावाच्या रेडिओ समालोचकानं त्याला फ्लामेंगो क्लबमध्ये नेलं. पोराचे पाय जादूचे होते, पण अंगावर मांस नव्हतं. बचावपटूनं नुसता खांदा लावला तरी आडवा होईल अशी तब्येत. क्लबनं त्याच्यासाठी खास व्यायाम आणि आहाराचा कार्यक्रम आखला. शारीरिक प्रशिक्षक जोझे रोबेर्तो फ्रांकालासी यांनी काही वर्षं त्याच्यावर मेहनत घेतली. सकाळी एक सराव, दुपारी शाळा, मग पुन्हा व्यायाम, असा दिनक्रम. १९७१ मध्ये तो पहिल्या संघाकडून उतरला. तरी मुख्य संघात कायमची जागा आणि पाठीवरचा दहा नंबर मिळायला १९७४ उजाडावं लागलं.

झिकोला 'देवदत्त देणगी' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी ही वर्षं लक्षात घ्यावीत. देणगी होतीच, पण ती व्यावसायिक मैदानावर उभी राहावी म्हणून लागलेली मेहनत वेगळी आहे.

तो मिडफिल्डर होता की फॉरवर्ड?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, कारण आकडे गोंधळात टाकतात. फ्लामेंगोसाठी सातशेहून जास्त सामन्यांत पाचशेहून जास्त गोल. ब्राझीलसाठी ७१ सामन्यांत ४८ गोल. मधल्या फळीतल्या माणसाचे हे आकडे वाटत नाहीत.

पण त्याचा खेळ बघा. तो स्ट्रायकरच्या मागे, मधल्या फळी आणि आघाडीच्या सांध्यात उभा राहायचा. चेंडू घ्यायला खाली यायचा, पहिल्या स्पर्शात वळायचा, चेंडू सोडून द्यायचा आणि मग स्वतः गोलच्या दिशेनं धावायचा. त्याचे कितीतरी गोल या दुसऱ्या धावेतून आले आहेत. चाल सुरू करणारा तोच आणि संपवणाराही तोच. आजच्या भाषेत त्याला अॅटॅकिंग मिडफिल्डर म्हणतील. मी त्याला मधल्या फळीतलाच मानतो, कारण संघाचा वेग तो ठरवायचा. खेळ कधी थांबवायचा आणि कधी अचानक पळवायचा हे त्याच्या पायावर ठरे.

दोन्ही पायांनी मारायचा, उंची फार नसूनही डोक्यानं गोल करायचा. आणि एक गोष्ट चित्रफितींत सहज निसटते: चेंडू पायात येण्याआधी तो मान वळवून दोन्हीकडे पाहून घेतो. चेंडू आला की पुढचं ठरलेलंच असतं.

फ्री किकमध्ये त्याचं वेगळेपण काय होतं?

चेंडूला वळण देणारे पुष्कळ होते. झिकोची फ्री किक समोर उभ्या बचावपटूंच्या भिंतीवरून उचलली जायची आणि लगेच खाली यायची, तीही फार जोर न लावता. फोटो पाहिलेत तर दिसेल की उजव्या पायानं मारताना त्याचा डावा पाय जवळजवळ चवड्यावर असतो आणि शरीर मागे व डावीकडे कललेलं असतं. त्यामुळे चेंडूखाली पाऊल घालायला त्याला जागा मिळायची. भिंत अगदी जवळ असली, गोलपासूनचं अंतर कमी असलं, म्हणजे चेंडू उचलून पुन्हा खाली आणायला वावच नाही अशी स्थिती असली, की तो जास्तच घातक ठरायचा.

सराव संपून बाकीचे अंघोळीला गेले की हा मैदानावर थांबायचा. गोलच्या वरच्या कोपऱ्यात शर्ट टांगायचा आणि त्यावर नेम धरून एकामागून एक चेंडू मारत राहायचा. ब्राझीलकडून पहिल्याच सामन्यात, फेब्रुवारी १९७६ मध्ये मोंतेविदेओत उरुग्वेविरुद्ध, त्यानं फ्री किकवर गोल केला. फ्लामेंगोसाठीच्या शेवटच्या अधिकृत सामन्यात, डिसेंबर १९८९ मध्ये फ्लुमिनेन्सेविरुद्ध, पुन्हा फ्री किकवरच. तो सामना फ्लामेंगोनं ५-० जिंकला.

फ्लामेंगोसाठी त्यानं नेमकं काय जिंकून दिलं?

फ्लामेंगो हा ब्राझीलमधला सर्वांत जास्त चाहते असलेला क्लब. पण झिकोच्या आधी त्याची ताकद मुख्यतः रिओपुरती होती. राष्ट्रीय विजेतेपद नव्हतं, खंडाचं तर नव्हतंच. झिकोच्या संघानं १९८०, १९८२ आणि १९८३ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९८७ मध्ये क्लबांनी भरवलेली कोपा उनियाव ही स्पर्धाही जिंकली. त्या वर्षीचा खरा विजेता फ्लामेंगो की रेसिफेचा स्पोर्ट क्लब, हा वाद ब्राझीलच्या कोर्टात पुढे कित्येक वर्षं चालला. रिओ राज्याची विजेतेपदं सात.

१९८३ च्या अंतिम सामन्याला, सांतोसविरुद्ध, रिओच्या माराकाना मैदानावर दीड लाखाहून जास्त लोक होते. पहिल्याच मिनिटाला झिकोनं गोल केला आणि फ्लामेंगो ३-० जिंकला. लोकांना कल्पना होती की हा आता इटलीला चालला आहे.

माराकाना हे त्याचं घरच. तिथे त्यानं तीनशेहून अधिक गोल केले. इतके गोल त्या मैदानावर दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत, पेलेच्याही नाहीत.

१९८१ चं एवढं कौतुक का होतं?

कारण त्या वर्षअखेरीस तीन आठवड्यांत फ्लामेंगो रिओचा क्लब होता तो जगाचा झाला. कोपा लिबेर्तादोरेस म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. तिच्या अंतिम फेरीत गाठ चिलीच्या कोब्रेलोआशी. माराकानावर २-१, दोन्ही गोल झिकोचे. सांतियागोत ०-१ हार, आणि तो सामना इतका हिंसक झाला की फ्लामेंगोचे खेळाडू रक्तबंबाळ होऊन परतले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे निर्णायक तिसरा सामना त्रयस्थ ठिकाणी, मोंतेविदेओत, २३ नोव्हेंबरला. फ्लामेंगो २-० जिंकला. दोन्ही गोल पुन्हा झिकोचे, त्यांतला एक फ्री किक.

मग १३ डिसेंबरला टोकियो, दक्षिण अमेरिका आणि युरोपच्या क्लबविजेत्यांमधला सामना. समोर युरोपविजेता लिव्हरपूल. हाफटाइमलाच ३-० झालं होतं. झिकोनं त्यात एकही गोल केला नाही, तरी सामन्याचा मानकरी तोच. पहिल्या गोलचा पास बघा: मधल्या फळीतून त्यानं चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून अलगद टाकला आणि आघाडीचा नुनेस पळत येऊन मोकळा झाला. दुसरा गोल झिकोच्या फ्री किकवरून. चेंडू गोलरक्षकाच्या हातून सुटला आणि अदिलियोनं तो आत ढकलला. तिसरा पुन्हा नुनेसचा, पुन्हा झिकोच्या पासवर. दुसऱ्या सत्रात फ्लामेंगोनं नुसता चेंडू खेळवला.

१९७८ मध्ये त्याचा गोल रद्द झाला होता म्हणतात. तो काय किस्सा?

१९७८ चा विश्वचषक, अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे ब्राझील विरुद्ध स्वीडन, १-१. सामना संपायला आलेला, ब्राझीलला कॉर्नर. चेंडू आला, झिकोनं डोक्यानं जाळ्यात टाकला, पण वेल्सचे रेफ्री क्लाइव्ह थॉमस यांनी चेंडू हवेत असतानाच शिट्टी वाजवून सामना संपवला होता. नियमानुसार त्यांना तो अधिकार होता. पण कॉर्नर घ्यायला द्यायचा आणि चेंडू उडाल्यावर वेळ संपल्याचं जाहीर करायचं, हे मला आजही पटत नाही. त्या स्पर्धेत ब्राझील एकही सामना न हरता तिसरं आलं. झिकोचा स्पर्धेतला एकमेव गोल पेरूविरुद्धच्या पेनल्टीचा.

१९८२ च्या विश्वचषकातला ब्राझीलचा संघ खरंच इतका चांगला होता का?

हो. आणि हे नुसत्या जुन्या आठवणींच्या प्रेमापोटी बोललं जातं असं समजू नका. सामने उपलब्ध आहेत, पाहून घ्या.

टेले सांताना प्रशिक्षक. मधल्या फळीत फाल्काव, सेरेझो, सॉक्रेटिस आणि झिको. चौघेही डोकं वर करून खेळणारे. मागून लेआंद्रो आणि ज्युनियर हे दोघे फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, मन मानेल तेव्हा पुढे येणारे, दोघेही झिकोचे फ्लामेंगोतले सोबती. डावीकडे एडरचा तोफेसारखा डावा पाय. सोव्हिएत संघाविरुद्ध २-१, स्कॉटलंडविरुद्ध ४-१ (झिकोची फ्री किक उजव्या वरच्या कोपऱ्यात), न्यूझीलंडविरुद्ध ४-० (झिकोचे दोन, त्यांतला पहिला हवेत उडून कात्रीसारखा मारलेला), अर्जेंटिनाविरुद्ध ३-१ (सुरुवातीचा गोल झिकोचा, तेव्हा मॅराडोना समोर होता).

मग ५ जुलै, बार्सिलोनातलं सारिया मैदान, समोर इटली. उपांत्य फेरीत जायला ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. पाचव्या मिनिटाला पाओलो रॉसीचा गोल. बाराव्या मिनिटाला जे घडलं ते मी किती वेळा पाहिलं असेल, त्याचा हिशेब नाही. झिकोच्या पाठीला क्लाउदियो जेंटिले चिकटलेला, म्हणजे आदल्या सामन्यात मॅराडोनाला ज्यानं श्वास घेऊ दिला नव्हता तो. सॉक्रेटिसकडून चेंडू येतो. झिको तो पायाखालून ओढून घेत एकाच हालचालीत गिरकी घेतो, जेंटिले भलत्याच दिशेला राहतो, आणि पुढच्या क्षणी चेंडू दोन बचावपटूंच्या मधून उजवीकडे सरकतो. सॉक्रेटिस, ज्यानं पास देऊन धावणं थांबवलंच नव्हतं, तो चेंडू दिनो झॉफ आणि जवळच्या खांबाच्या मधल्या अरुंद फटीतून आत मारतो. १-१.

पुढे रॉसीचा दुसरा, फाल्कावची बरोबरी, आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला रॉसीचा तिसरा. मध्येच कधीतरी जेंटिलेनं झिकोची जर्सी अशी ओढली की ती काखेतून फाटली. पेनल्टी मिळाली नाही. शेवटी ऑस्करचं हेडर चाळिशीतल्या झॉफनं गोलरेषेवर दाबून धरलं. ३-२.

बरोबरी पुरेशी असताना ब्राझीलनं बचाव का केला नाही, हा प्रश्न लोक विचारतात. २-२ झाल्यावरही ते पुढेच जात राहिले, हे खरं. माझ्या मते दोष बचाव न करण्याचा नव्हता. स्वतःच्या अर्ध्यात आडवा, ढिला पास देऊन सेरेझोनं रॉसीला दुसरा गोल आंदण दिला आणि तिसऱ्या वेळी कॉर्नरवर रॉसी मोकळा राहिला. चुका खेळाडूंच्या होत्या, शैलीच्या नव्हत्या. पण जगानं धडा उलटाच घेतला. सुंदर खेळून भागत नाही, असं ब्राझीलमध्येही म्हणू लागले, आणि पुढची कित्येक वर्षं मधल्या फळीत दहा नंबरवाल्यापेक्षा धिप्पाड पहारेकऱ्यांना जास्त भाव आला. या सामन्याचं खरं नुकसान मला तिथे दिसतं.

मोठे क्लब सोडून तो उदिनेझेसारख्या छोट्या क्लबात का गेला?

पैसा उदिनेझेनं उभा केला, म्हणून. १९८३ मध्ये इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या या क्लबनं सुमारे ४० लाख डॉलर मोजायची तयारी दाखवली. इटालियन फुटबॉल महासंघानं आधी हा व्यवहार अडवला. तेव्हा क्लबच्या उदिने शहरातले लोक चक्क रस्त्यावर उतरले. 'एक तर झिको, नाहीतर ऑस्ट्रिया' असे फलक लागले, कारण हा मुलूख एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाकडे होता. अखेर परवानगी मिळाली.

पहिल्या मोसमात त्यानं लीगमध्ये २४ सामन्यांत १९ गोल केले. युव्हेंटसच्या प्लाटिनीचे २० होते, पण सामने जास्त. त्या काळच्या इटालियन बचावफळीसमोर, मधल्या क्रमांकाच्या संघातून, हे सोपं नव्हतं. त्याच्या फ्री किक थांबवायच्या कशा यावर टीव्हीवर चर्चा व्हायच्या. दुसरा मोसम दुखापतींत गेला आणि १९८५ मध्ये तो फ्लामेंगोत परतला. उदिनेनं मात्र त्याला विसरू दिलं नाही. ब्राझीलच्या जर्सीतला त्याचा निरोपाचा सामना १९८९ मध्ये तिथेच झाला.

गुडघ्याची दुखापत कधीची?

परतल्यावर लगेचची. ऑगस्ट १९८५, बांगू क्लबविरुद्धचा सामना. मार्सियो नुनेस या बचावपटूनं दोन्ही पायांनी उडी घेतली आणि झिकोच्या डाव्या गुडघ्याची चाळण झाली. शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने व्यायाम, पुन्हा सूज. वयाची बत्तीस वर्षं ओलांडलेली. इथून पुढचा झिको हा अर्ध्या गुडघ्यावर खेळणारा झिको आहे, हे लक्षात ठेवूनच १९८६ कडे पाहावं.

मग १९८६ ची ती पेनल्टी. त्याच्यामुळेच ब्राझील हरलं ना?

नाही. हा प्रश्न मी सर्वांत सविस्तर घेतो, कारण आपल्याकडे त्याची हीच ओळख पक्की झाली आहे. तो विश्वचषक दूरदर्शननं घराघरांत पोचवला होता. मेक्सिकोतले दुपारचे सामने आपल्याकडे रात्री उशिरा लागायचे. अनेकांनी आयुष्यात पाहिलेला झिको म्हणजे तेवढाच.

२१ जून, ग्वादालाहारा, फ्रान्सविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी. करेकाच्या गोलनं ब्राझील पुढे, प्लाटिनीच्या गोलनं बरोबरी. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर झिको बदली खेळाडू म्हणून आत आला. काही क्षणांतच त्यानं ब्रांकोला असा पास दिला की ब्रांको गोलरक्षक जोएल बाट्ससमोर एकटा पडला. बाट्सनं त्याला पाडलं. पेनल्टी. म्हणजे ती संधी निर्माण करणाराही झिकोच होता, हे सांगायचं सगळे विसरतात.

अंगात ऊब नाही, सामन्याची लय सापडलेली नाही, पायांनी एक-दोनदाच चेंडूला स्पर्श केलेला. दुसऱ्या कुणी घेतली असती तर बरं झालं असतं, हे नंतर म्हणणं सोपं आहे. पेनल्टीचा पहिला मान त्याचा होता आणि जबाबदारी टाळायचा त्याचा स्वभाव नव्हता. बाट्सनं ती अडवली. जादा वेळेतही १-१. मग पेनल्टी शूटआउट.

त्या शूटआउटमध्ये झिकोनं पुन्हा पाऊल पुढे टाकलं आणि गोल केला. हुकवणारे ब्राझिलियन सॉक्रेटिस आणि ज्युलिओ सेझार. फ्रान्सकडून खुद्द प्लाटिनीनं चेंडू बारवरून मारला. फ्रान्स ४-३ जिंकलं. ज्या गुडघ्यावर डॉक्टरांचा भरवसा नव्हता तो घेऊन माणूस मेक्सिकोला गेला, आणि एक पेनल्टी हुकल्यानंतर तासाभरात दुसरी घ्यायला उभा राहिला. मला त्या सामन्याची ही बाजू जास्त मोठी वाटते.

तो मंत्री झाला होता का?

१९९० मध्ये, खेळणं थांबवल्यावर, राष्ट्राध्यक्ष कोलोर यांनी त्याच्याकडे क्रीडा खातं सोपवलं. तो तिथे वर्षभरच टिकला. पण त्यानं पुढे रेटलेल्या मसुद्यातून १९९३ चा 'झिको कायदा' आला. खेळाडूंचे हक्क आणि क्लबांचा कारभार यांत सुधारणा करण्याची ती सुरुवात. पुढे १९९८ च्या 'पेले कायद्या'नं करार संपल्यावरही खेळाडूला क्लबच्या मालकीत अडकवून ठेवणारी पद्धत मोडली.

जपानमध्ये त्याचे पुतळे आहेत, ते का?

कारकिर्दीचा हा भाग मला सर्वांत आवडतो. १९९१ मध्ये, ३८ वर्षांचा असताना, झिको जपानच्या इबाराकी प्रांतातल्या काशिमा या कारखान्याच्या गावी आला. संघ सुमितोमो मेटल्स या पोलाद कंपनीचा, दुसऱ्या श्रेणीत खेळणारा. खेळाडू कंपनीतले कामगार. माराकानावर दीड लाखांसमोर खेळलेला माणूस तिथे बिनगाजावाजाच्या मैदानांवर खेळला, आणि त्या दुसऱ्या श्रेणीतही सर्वाधिक गोल त्याचेच.

त्यानं त्यांना फक्त चेंडू शिकवला नाही. बूट कसे सांभाळायचे, सरावाला किती आधी यायचं, सामन्याआधी काय खायचं, हरल्यावर कपडे बदलायच्या खोलीत कसं वागायचं, यावर तो कडक होता. कुणी हरूनही हसत बाहेर पडला तर त्याचं काही खरं नसे.

मे १९९३ मध्ये जपानची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली. काशिमा अँटलर्स या नव्या नावानं हाच संघ उतरला. पहिल्याच सामन्यात नागोया ग्राम्पसविरुद्ध ५-०, झिकोची हॅटट्रिक. वय चाळीस. ही जे-लीगमधली पहिली हॅटट्रिक. ज्या गावाचा संघ टिकेल असं कुणाला वाटत नव्हतं, त्यानं पहिल्या मोसमाचा पहिला टप्पा जिंकला. पुढे जपानी लीगची सर्वाधिक विजेतेपदं काशिमाच्या नावावर लागली. समर्पण, प्रामाणिकपणा आणि आदर ही झिकोनं घालून दिलेली त्रिसूत्री क्लब आजही मिरवतो. २०१८ मध्ये तो तांत्रिक संचालक म्हणून परतला आणि त्याच वर्षी काशिमानं पहिल्यांदा आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली.

त्यानं चेंडूवर थुंकल्याची गोष्ट खरी आहे?

खरी. जानेवारी १९९४ मध्ये, त्या पहिल्या मोसमाच्या अंतिम लढतीत, प्रतिस्पर्धी वेर्दी कावासाकीला पेनल्टी मिळाली. संतापलेल्या झिकोनं चेंडूवर थुंकून निषेध केला आणि रेफ्रीनं त्याला बाहेर काढलं. आदराचा धडा देणाऱ्या माणसाला हे शोभलं नाही. त्याची बाजू घेण्यात अर्थ नाही.

जपानचा प्रशिक्षक असताना तो भारतात आला होता का?

हो. २००२ ते २००६ तो जपानचा राष्ट्रीय प्रशिक्षक होता. २००४ मध्ये चीनमध्ये जाऊन, अंतिम सामन्यात यजमानांनाच ३-१ हरवून, जपाननं आशियाई चषक जिंकला. त्याच वर्षी विश्वचषक पात्रता फेरीत भारत जपानच्या गटात होता. साइतामात आपण ०-७ हरलो आणि सप्टेंबरमध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ०-४. कोलकात्याच्या सामन्यात दिवेच गेले आणि खेळ खोळंबला होता. २००६ च्या विश्वचषकात मात्र ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल खाऊन जपान कोसळलं आणि गटातच बाद झालं.

गोव्यात त्यानं काय केलं?

२०१४ ते २०१६ असे तीन मोसम तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. गोव्याला ब्राझीलचं वेड जुनंच. विश्वचषक आला की घरांवर पिवळे-हिरवे झेंडे लागतात. तिथे झिको येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या वर्षी संघ साखळीत दुसरा आला आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टींवर हरला. दुसऱ्या वर्षी साखळीत अव्वल. नोव्हेंबर २०१५ मध्ये फातोर्ड्यावर मुंबई सिटीला ७-० झोडपलं, त्यात दुदू आणि थोंगखोसियम हाओकिप यांच्या हॅटट्रिक. मुंबईकर म्हणून तो दिवस मला झोंबला, पण खेळ बघण्यासारखा होता. २० डिसेंबरला घरच्याच मैदानावर चेन्नईयिनविरुद्ध अंतिम सामना. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकनं गोवा २-१ पुढे गेलं. करंडक हातात आल्यासारखाच होता. मग गोलरक्षक कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल, आणि पाठोपाठ मेंडोझाचा गोल. ३-२. तिसऱ्या वर्षी संघ तळाला गेला आणि झिकोनं निरोप घेतला.

करंडक नाही, म्हणून अपयशी म्हणायचं का? मी म्हणणार नाही. दुसऱ्या वर्षीचा गोवा जमिनीवरून, छोट्या पासांनी, पुढे जाऊन खेळला. लांब चेंडू मारून धावत सुटणाऱ्या लीगमध्ये हे उठून दिसलं. मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस यांसारख्या गोंयकार पोरांवर त्यानं विश्वास टाकला. रोमिओ तर २०१५ मध्ये ब्राझीलच्या अॅटलेटिको परानाएन्से क्लबकडे काही काळ खेळायला गेला. काशिमात जे झालं ते इथे झालं नाही, त्याचं मुख्य कारण मला वेळ वाटतं. तेव्हाची आयएसएल अडीच महिन्यांत आटपायची. मोसम संपला की संघ विखुरला, पुढच्या वर्षी पुन्हा नवे चेहरे. अशा लीगमध्ये शिस्त रुजवणार कशी आणि कुणात?

बाकी कुठे कुठे प्रशिक्षक होता?

तुर्कस्तानात फेनरबाचेला २००७ मध्ये, क्लबच्या शताब्दीच्या वर्षी, लीग जिंकून दिली आणि पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं. मग उझबेकिस्तान, मॉस्को, ग्रीस, इराकचा राष्ट्रीय संघ, कतार. गोव्यात असतानाच, २०१५ मध्ये, त्यानं फिफाच्या अध्यक्षपदासाठीही प्रयत्न केला, पण आवश्यक पाच राष्ट्रीय संघटनांचा पाठिंबा जमला नाही.

पेले, मॅराडोना यांच्या रांगेत त्याला बसवता येईल?

ब्राझीलमध्ये त्याला 'गोरा पेले' म्हणत. पेलेइतका परिपूर्ण खेळाडू तो नव्हता आणि मॅराडोनासारखा एकट्याच्या बळावर विश्वचषक ओढून आणण्याचा पराक्रम त्याच्या नावावर नाही. पण १९७७, १९८१ आणि १९८२ असा तीनदा तो दक्षिण अमेरिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मधल्या फळीतून इतके गोल आणि इतके गोलचे पास देणारा दुसरा माणूस शोधून दाखवा. माझ्या यादीत तो या दोघांच्या लगेच खालच्या ओळीत आहे.

त्याचा खेळ पाहायचा तर सुरुवात कुठून करू?

गोलांच्या संकलनापासून नको. त्यात फ्री किक आणि शेवटचा स्पर्श दिसतो, बाकीचा झिको कापला जातो. आधी १९८१ च्या लिव्हरपूल सामन्याचं पहिलं सत्र अख्खं पाहा आणि चेंडू कुठेही असला तरी नजर दहा नंबरवर ठेवा. मग १९८२ चा अर्जेंटिनाविरुद्धचा सामना. त्यात तिसरा गोल ज्युनियरनं केला, पण तो पास कुणाचा ते बघून घ्या. इटलीचा सामना त्यानंतर. उदिनेझेचा पहिला मोसम मिळाला तर सोडू नका, कारण तिथे सोबतीला ब्राझीलचा संघ नव्हता आणि तरी त्याचं चालत होतं. शेवटी १६ मे १९९३ ची काशिमाची हॅटट्रिक पाहा.